उरलेले थेंब घालण्याआधी
मागच्या वेळचे उरलेले थेंब कुत्र्याच्या कानात पुन्हा घातले तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून घालू नका. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे पडदा बाहेरून दिसतच नाही. तो फाटलेला असला तर काही थेंबांनी बहिरेपण येऊ शकतं. डॉक्टरांना ऑटोस्कोपने (कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने) पडदा बघू द्या आणि कानातला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला सांगा. यीस्ट (एक बुरशी), जिवाणू की माइट्स (कानातले बारीक किडे), हे त्यातूनच कळतं, आणि तिन्हींची औषधं वेगळी.

माझ्या कुत्रीचा कान वर्षभर असाच बरा व्हायचा, परत बिघडायचा. तपकिरी, आंबूस वासाचा मळ. सोबत ती पंजे इतके चाटायची की बोटांमधले पांढरे केस गंजाच्या रंगाचे झाले होते. मूळ ॲलर्जीत निघालं. तुमचाही पंजे चाटतो का, जरूर बघा.

मांजराच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा चुरा दिसला तर बहुधा माइट्सच. मग घरातल्या सगळ्या प्राण्यांवर उपचार करावे लागतात. आणि कुत्र्याचं परमेथ्रिनवालं गोचीडनाशक मांजराला कधीही लावू नका, जीव जाऊ शकतो.