'उंबरठा' परत पाहिला, त्या दोन मुलींबद्दल प्रश्न

कडूगोड
काल रात्री आईसोबत 'उंबरठा' पाहिला, १९८२ चा, जब्बार पटेलांचा. आधी पाहिला तेव्हा कॉलेजात होते, 'सुन्या सुन्या' गाणं सोडून फारसं काही लक्षात नव्हतं. यावेळी त्यातल्या महिलाश्रमातल्या त्या दोन मुली डोक्यात अडकल्यात. त्यांचं एकमेकींवर प्रेम आहे हे कळल्यावर कमिटी हादरते ते ठीके, पण आपली सुलभा महाजन, आश्रमाची अधीक्षक, जी स्वतःसाठी नवरा-मुलगी-सासर सगळं मागे ठेवून आलीये, तीसुद्धा त्याकडे आजार म्हणूनच बघते. तो सीन आला आणि आई "चहा टाकते" म्हणून उठली. मराठी पडद्यावर बाईची इच्छा म्हणजे एकतर रोग नाहीतर मरण, असंच आहे का? का मीच आजचा चष्मा लावून बघतेय?

सातारी_कंदी
चष्मा आहेच थोडा. जागतिक आरोग्य संघटनेनेच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९९० ला, मग ८२ ची सुलभा वेगळं कुठून बोलणार. उलट शिक्षा नको उपचार करा म्हणणारी तिथे ती एकटीच. आणि त्या मुली दाखवल्या हेच काय कमी आहे? दोन बायकांच्या प्रेमावरच्या 'फायर' सिनेमाच्या वेळी १९९८ ला मुंबईत थेटरं फोडली होती लोकांनी.

निशाचर
'दाखवल्या हेच काय कमी' हे ऐकून ऐकून कान किटले राव. दाखवल्या कशा ते बोला ना. विजय तेंडुलकरांची 'मित्राची गोष्ट' घ्या, नाटक आहे माहितीये, पण रोहिणी हट्टंगडींनी केलेली, बाईवर प्रेम करणारी ती मित्रा शेवटी जीवच देते. 'जैत रे जैत' सिनेमातली चिंधी, नको असलेला नवरा सोडते, आवडलेल्या नाग्याच्या मागे स्वतःहून जाते, आणि शेवटी तीच मरते. धागाकर्तीशी सहमत.

सातारी_कंदी
चिंधीला यात ओढू नका हो!! तिला मधमाश्या मारतात आणि त्या खवळतात नाग्याच्या हट्टापायी, राणीमाशीने डोळा घेतला म्हणून सूड घ्यायचाय त्याला. चिंधीच्या इच्छेची शिक्षा कुठे आहे त्यात? ठाकर आदिवासींच्या वाडीत नवरा सोडणं आपल्या पांढरपेशा घरासारखं जगबुडी नाहीये, म्हणून तर ती इतकी मोकळी वाटते. स्मिता पाटील (चिंधी तीच, 'उंबरठा'तली सुलभाही तीच) त्यात नाग्याकडे बघते ना, तसं पुरुषाकडे टक लावून बघणारी हिरॉइन मला आजच्या मराठी सिनेमातही सापडत नाही.

जुनी_रिळं
स्मितावरून आठवलं, तिचा 'भूमिका' पण बघा, १९७७, हिंदी आहे पण अभिनेत्री हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावरचा. त्यातली नायिका मरत नाही की बरी होत नाही, एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटी हॉटेलच्या खोलीत एकटी. मला हे जास्त खरं वाटतं. आणि 'बायोस्कोप' या लघुपटांच्या संग्रहातली रवी जाधवची 'मित्रा' चुकवू नका, तेंडुलकरांच्याच कथेवर, वीणा जामकर, ब्लॅक अँड व्हाइट.

कडूगोड
सगळ्यांना धन्यवाद, चिंधीबद्दल पटलं. बाय द वे, आज आईला विचारलंच, काल का उठलीस म्हणून. म्हणाली, "चहा खरंच हवा होता गं." मग भांडी विसळता विसळता, पाठमोरीच, "आमच्या होस्टेलवर पण होत्या दोघी. एकीचं लग्न ठरलं तेव्हा दुसरी आठवडाभर जेवली नव्हती, आम्हाला वाटलं कावीळ झालीये."