तेलाचा डबा, जार की पाऊच: खरा दर कसा काढावा?

प्रश्न – सुदामानगर, इंदूर
नमस्कार. घरात आम्ही तिघे असून महिन्याला साधारण तीन लिटर सोयाबीन तेल लागते. या वेळी भाव विचारले तेव्हा जवळच्या दुकानात एक लिटरचे पाऊच १३२ रुपयांना (छापील किंमत १५० रुपये), त्याच कंपनीचा पाच लिटरचा जार ६७५ रुपयांना आणि दुसऱ्या एका कंपनीचे पाऊच १२५ रुपयांना मिळत होते. सियागंजमध्ये १५ किलोच्या डब्याचे २,१६० रुपये सांगितले, म्हणजे किलोला १४४ रुपये पडले. थोक बाजारातला माल पाऊचपेक्षा १२ रुपयांनी महाग कसा, हे सासूबाईंना पटत नाही आणि मलाही पटलेले नाही. शिवाय १२५ रुपयांचे पाऊच दिसायला लिटरच्या पाऊचएवढेच असले, तरी त्यावर ८५० ग्रॅम लिहिले आहे. हल्ली पाकिटावर ग्रॅममागचा दरही छापतात; त्यावर विसंबून खरेदी करावी का?

उत्तर – रामबाग
डबा किलोवर आणि पाऊच लिटरवर विकले जात असल्याने हे दोन भाव शेजारी ठेवून चालणार नाहीत. तेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते आणि पुष्कळ पाऊचवर ते छापलेलेही असते. त्यामुळे १३२ ला ०.९१ ने भागले की किलोचा भाव १४५.०५ रुपये येतो. याच रीतीने जार १४८.३५ रुपये आणि ८५० ग्रॅमचे पाऊच १४७.०६ रुपये किलो पडते, म्हणजे सात रुपयांनी स्वस्त दिसणारे पाऊच प्रत्यक्षात महागच आहे. डबा चौघांत स्वस्त ठरतो, पण १५ किलोंमागे तुमचे जेमतेम १६ रुपये वाचतील.

मात्र डबा घेण्यापूर्वी त्यावरची अक्षरे स्वतः वाचावीत. बाजारात १५ किलोचे डबे असतात तसे १५ लिटरचेही असतात, आणि बोलताना दोन्हींना 'पंधराचा डबा' असेच म्हणतात. पंधरा लिटरच्या डब्यात १३.६५ किलोच तेल असते. तोच डबा २,१६० रुपयांना घेतला, तर भाव थेट १५८ रुपये किलोच्या वर जातो.

उत्तर – मल्हारगंज
छापील दराविषयी लिहितो. पॅकबंद वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या वैध मापन नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि त्यातून एकक विक्री किंमत, म्हणजे ग्रॅम किंवा किलोमागचा दर, छापण्याचे बंधन आले. त्याच दुरुस्तीने ठरावीक वजनांचीच पाकिटे काढण्याची जुनी सक्तीही उठवली. ८५० ग्रॅमसारखी अडनिडी मापे हल्ली सर्रास दिसतात, ती त्यामुळेच.

या छापील दरात दोन खोड्या आहेत. एक तर तो एमआरपीवर काढलेला असतो. दुकानदार १५० चे पाऊच १३२ ला देतो, तेव्हा त्या आकड्याचा आपल्याला उपयोग उरत नाही. दुसरी खोडी दशांशाची आहे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर दर ग्रॅममागे आणि दोनच दशांश स्थळांपर्यंत असतो. पोह्यांचे ५०० ग्रॅमचे पाकीट २८ रुपयांना असेल, तर ग्रॅमचा दर ०.०५६ येतो, आणि ८०० ग्रॅमचे ५१ रुपयांना असेल, तर ०.०६३७५ येतो, पाकिटावर मात्र दोन्हीकडे ०.०६ रुपयेच दिसतात. प्रत्यक्षात एक ५६ रुपये किलो आहे आणि दुसरे ६३.७५ रुपये, शिवाय महाग आहे ते मोठे पाकीट. पोहे-साबुदाण्यासारख्या स्वस्त जिनसांत ही गफलत जास्त होते. चहासारख्या महाग मालात दोन दशांश पुरतात.

दुकानात उभ्या उभ्या हिशेब करायचा, तर पावकी-निमकी पाठ असलेल्या पिढीची रीत अजून कामाला येते. २५० ग्रॅमची किंमत चौपट, २०० ग्रॅमची पाचपट आणि १२५ ग्रॅमची आठपट केली की किलोचा भाव हाती येतो. तेलाच्या लिटरच्या भावात त्याचाच दहावा हिस्सा मिळवावा: १३२ आणि १३.२० मिळून १४५.२०. वर भागाकाराने आलेल्या उत्तराशी पंधरा पैशांचाच फरक पडतो.

उत्तर – रामबाग
एक भर घालतो. '२५ टक्के जादा मोफत' आणि '२५ टक्के सूट' यांत बरेच जण गल्लत करतात. १०० रुपयांत १०० ग्रॅमऐवजी १२५ ग्रॅम मिळाले, तर १०० ग्रॅमला ८० रुपये पडले, म्हणजे सूट २० टक्क्यांचीच झाली. शेजारच्या फळीवर खरी २५ टक्के सूट असेल, तर ती घ्यावी. जादा माल घरात संपणार नसेल, तर प्रश्नच नाही.

प्रश्नकर्ती – सुदामानगर, इंदूर
सर्वांचे आभार. फोन करून विचारले, तेव्हा डबा १५ किलोचाच असल्याचे कळले. तरीही आमच्या खपाने तो साडेपाच महिने पुरेल, उघडलेले तेल इतके दिवस ठेवायला मन धजत नाही, आणि सियागंजहून डबा आणायला ऑटोचे भाडे १६ रुपयांच्या कितीतरी पुढे जाते. तेव्हा तूर्त लिटरचे पाऊच घेणार आहे. दिवाळीच्या फराळाला वरच्या मजल्यावरच्या वहिनी निम्मा डबा घ्यायला तयार आहेत. त्या वेळचे भाव किलोत उतरवून इथेच लिहीन.