कडा कापल्या जातात त्या केबलमुळे नव्हे

लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला की चित्राच्या चारी कडा कापल्या जातात, या प्रश्नावर वर केबल बदलायचा सल्ला आलाय, तो पटला नाही. केबल खराब असेल तर चित्र लुकलुकतं, मधेच जातं. चारी कडा सारख्या कापल्या जात नाहीत. हा ओव्हरस्कॅन, म्हणजे टीव्हीच चित्र फुगवतो आणि कडा पडद्याबाहेर जातात. पिक्चर ट्यूबच्या काळात वेड्यावाकड्या कडा लपवायला चित्र थोडं फुगवून दाखवायचे, ती खोड एलईडीतही राहिली.

कर्नाटकातल्या खानापूरला मेव्हण्याकडे हेच. लॅपटॉपचं रिझोल्यूशन टीव्हीइतकंच, १९२० बाय १०८० ठेवूनही खालचं घड्याळ अर्धंच दिसायचं. तासभर लॅपटॉपशी झटापट केली, दोष टीव्हीत! त्यात मेनू कन्नडमध्ये. शेवटी कन्नड शाळेतल्या भाचीने वाचून दाखवला. पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' केलं (काही टीव्हींवर 'स्क्रीन फिट') आणि टास्कबार (घड्याळ असते ती खालची पट्टी) अख्खा आला. तरीही अक्षरं फुटकी दिसली तर लॅपटॉप लावलाय त्या एचडीएमआय इनपुटला टीव्हीच्या मेनूतून 'पीसी' नाव देऊन बघा.