तिसरीच्या वर्गात ऊसतोडीची गोष्ट ठेवावी की नाही?

तिसरीच्या_बाई
बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. वर्गाच्या वाचनपेटीत साठेक पुस्तकं आहेत: सिंह-कोल्हा, राजा-राणी, थोरांची बालपणं. यंदा मी निवडून नऊ नवी घातली. एक पारधी वस्तीतल्या मुलाचं, एक चाकाच्या खुर्चीतल्या मुलीचं, एक ईदच्या दिवसाचं, एक ऊसतोडीला जाणाऱ्या बहीण-भावाचं, अशी. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक पालक म्हणाले, "बाई, एवढ्याशा लेकरांना जातपात अन् गरिबी कशाला शिकवता?"

माझ्या 27 मुलांपैकी 11 जणांचे आईबाप दिवाळी झाली की कारखान्यावर जातात. मुकादमाची उचल किती फिटली, किती राहिली, हे या मुलांना माझ्याआधी कळतं. गरिबी त्यांना मी काय शिकवणार? आपल्यासारखं घर मात्र त्यांनी पुस्तकात कधी पाहिलेलं नाही. म्हणून ही पुस्तकं पेटीत राहावीत असं मला वाटतं. तुमचं मत सांगा, विरोधातलं असलं तरी.

निवृत्त_मास्तर
बाई, तळमळ पोचली. तरी माझा विरोध आहे. एकदा चौथीला मी कचरा वेचणाऱ्या मुलाची गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवली. तिसऱ्या पानापाशी अख्खा वर्ग मागच्या बाकावरच्या एका पोराकडे वळून बघायला लागला. तो मान खाली घालून दप्तराचा बंद पिळत राहिला. पुढं दोन दिवस शाळेत आला नाही. चूक माझी होती, कबूल. पण पुस्तकच बोध करायला निघालेलं असलं की वाचणाऱ्याचा आवाजही तसाच होतो. या वयात आधी वाचनाची गोडी लागू द्या.

पुणेकर_बाबा
मास्तरांशी सहमत. आम्ही घरात जातीचा विषय कधीच काढत नाही. दुसरीतल्या मुलीनं वर्गातलं असलंच एक पुस्तक वाचून जेवताना विचारलं, "बाबा, आपली कोणती?" घास हातात राहिला. सातव्या वर्षी हे तिच्या डोक्यात घालायचा शाळेला काय अधिकार? शाळेनं अभ्यासक्रमापुरतं पाहावं.

वाडीवरचा
तुमच्या मुलीला सातव्या वर्षी प्रश्न पडला. मला सहाव्या वर्षीच उत्तर मिळालं होतं. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना गुरुजींनी भर वर्गात नाव आणि नावापुढं जात वाचली. मांग म्हटल्यावर दोन पोरं हसली. त्यांची नावं आजही सांगतो. ज्यांच्या घरात विषय काढावा लागत नाही, त्यांच्या मुलांना तो कुठून तरी कळतोच, आणि बऱ्याचदा हसण्यातूनच कळतो. आणि लहान वयाचं म्हणाल तर 1855 साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनीच होती.

निवृत्त_मास्तर
विषय टाळा असं मी म्हणत नाही. 'श्यामची आई'त आई श्यामला एका महार म्हातारीची मोळी उचलून द्यायला पाठवते. किती पिढ्यांनी ते वाचलं, कुणाला कमीपणा वाटला नाही. तसं हळुवार लिहा.

वाडीवरचा
कमीपणा वाटला नाही, हे कुणाला विचारलंत मास्तर? पुस्तक मलाही प्रिय आहे. पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून 1947 ला उपोषणाला बसलेल्या साने गुरुजींच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण मोळी उचलून दिल्यावर श्यामला घरी येऊन आंघोळ करायचीच असते. आणि गोष्ट श्यामबरोबर जाते, म्हातारीबरोबर जात नाही. वाचताना मी मात्र मनानं तिच्या मागं तिच्या घरी जायचो. ती गोष्ट मला तिच्या नातवाच्या तोंडून ऐकायची आहे.

बाई, तुमच्यावरही एक तक्रार. आमची माणसं पुस्तकात आली की रडतच येतात. माझा आजा वाजवायच्या आधी हलगी जाळावर शेकायचा. कातडं तापून ताणलं की बोटानं टिचकी मारून आवाज बघायचा, आणि आम्ही पोरं आपापली टिचकी मारायला रांग लावायचो. तो चटका आणि ती मजा कुठल्या पुस्तकात आहे?

मेळघाटातून
आमच्याकडं आधी भाषेचाच प्रश्न. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. चित्र ओळखीचं असलं की पहिलीतलं मूल स्वतःच्या भाषेत बोलायला लागतं आणि मग मराठी शब्द मागतं. चित्र परकं असलं की गप्प बसतं. मास्तर म्हणतात ती गोडी आम्हाला इथूनच लागताना दिसते.

तिसरीच्या_बाई
पुणेकर दादा, शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला वाचनालय आणि गोष्टींची पुस्तकं सांगितली आहेत, तेव्हा हे शाळेचंच काम आहे. मुलीला तुम्ही काय उत्तर दिलंत, ते वाचायला मला मनापासून आवडेल.

मास्तर, तुमचा अनुभव मनाला लागला. ऊसतोडीची गोष्ट मी वर्गात मोठ्यानं वाचत नाही, पेटीत ठेवते. ज्याला हवी तो काढतो. परवा एका मुलीनं काढली. एरवी ती उत्तर येत असूनही हात वर करत नाही. एक पान उघडून माझ्या टेबलाशी आली आणि चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, ह्यो कोयता न्हाई. ह्यो इळा हाय. ह्यानं ऊस तुटंल का?" खरंच, चित्रकारानं गवत कापायचा विळा काढला होता. मग चार-पाच जण जमले. कोयत्याचं पातं केवढं, मूठ कशी, नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' का म्हणतात, हे सगळं ती सांगत होती. ज्यांचे आईबाप कधी तोडीला गेले नाहीत, ते विचारत होते. तिनं काढलेला कोयता आम्ही त्या विळ्यावर चिकटवला आहे.

वाडीवरच्या दादा, तक्रार मान्य. हलगीची गोष्ट तुम्हीच लिहा. आठ पानं, पानाला तीन ओळी, मोठं अक्षर. चित्रं वर्ग काढेल. दिवाळीच्या आत पाठवलीत तर 11 जणं निघायच्या आधी वाचून होईल.