अंधशाळेत जीवशास्त्र शिकवण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. काही संशोधक विद्यार्थ्यांना सोबत घेऊन दर रविवारी एका निवासी अंधशाळेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी आम्ही जीवशास्त्राचा वर्ग घेतो. या क्षेत्रात काम केलेले विशेष शिक्षक, विज्ञान शिकलेले दृष्टिहीन पदवीधर किंवा अशा मुलांचे पालक येथे असतील, तर त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

मूळ अडचण अशी की, राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रज्ञानाऐवजी ‘शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र’ हा विषय घेता येतो. ज्याला या सवलतीची गरज आहे त्याला ती मिळालीच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु या शाळेत तिचा रिवाजच पडून गेला आहे. नववीत आलेल्या मुलाला काय आवडते हे कोणी विचारत नाही, पर्यायी विषय आपोआप लागतो आणि पुढे विज्ञान शाखेला जाण्याचा विचार तिथेच मागे पडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. पण शाळेतच विषय सुटला, तर जीवशास्त्राच्या विभागातील त्या जागांवर येणार कोण?

शिकवण्याच्या बाबतीत काही गोष्टी चांगल्या जमल्या. वनस्पतींचा भाग तर मुलांनी आम्हालाच नव्याने शिकवला, असे म्हणावे लागेल. वडाच्या आणि पिंपळाच्या पानांत फरक करायला त्यांना पिंपळाच्या शेपटासारख्या टोकाचीही गरज पडत नाही. पानाच्या खालच्या बाजूवरून नख फिरवून शिरांच्या उठावावरून ती सांगतात. जास्वंदीच्या फुलात पुंकेसरांची नळी चाचपत वर गेले की कुक्षीची पाच टोके बोटांना लागतात, आणि तळाशी फूल उभे चिरून दिले की बीजांडाशयातले बारीक दाणेही जाणवतात. गीरट व्हर्मे हे जन्माने डच असलेले दृष्टिहीन जीवशास्त्रज्ञ शंखांवरील खेकड्यांच्या हल्ल्यांचे व्रण बोटांनी तपासून उत्क्रांतीचा अभ्यास करतात, हे सांगितल्यावर कोकणातून आणलेल्या शंखांची पिशवी वर्गात बराच वेळ फिरत राहिली.

अडते ते सूक्ष्म गोष्टींपाशी. पेशीविभाजनाच्या अवस्था आम्ही पुठ्ठ्यावर लोकर आणि मणी चिकटवून केल्या, पण मणी सुटतात आणि मुख्य म्हणजे आकारमानाचा अंदाज चुकतो. पुठ्ठा हातात धरून एका मुलाने विचारले, “म्हणजे पेशी एवढी असते का?” त्याला मी असे सांगितले: कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी साधारण पाव मिलिमीटर लांब असते, हजारपट मोठी केल्यावर ती या पंचवीस सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याएवढी झाली, तुलाही हजारपट वाढवले, तर तू जवळपास कळसूबाईएवढा होशील. त्याला ते पटले. मात्र गुणसूत्र आणि डीएनएपर्यंत पोहोचल्यावर ही युक्ती पुरी पडत नाही. उठावाच्या आकृत्या टिकाऊ आणि स्वस्तात कशा करून घ्याव्यात, एका आकृतीत किती तपशील ठेवावा आणि सूक्ष्मदर्शकाच्या प्रात्यक्षिकाऐवजी मुलांकडून नेमके काय करून घ्यावे, हे ज्यांनी केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

यापेक्षाही मोठा प्रश्न आठवीतल्या एका मुलीचा आहे. तिला नववीत नियमित विज्ञानच घ्यायचे आहे. आईची तयारी आहे, वडील म्हणतात, “ताई, तुम्ही रविवारच्या. आकृत्यांचे गुण गेले आणि मुलगी नापास झाली, तर निस्तरायचे आम्हीच.” त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. स्वयंसेवक बदलतात, प्रबंध संपला की विद्यार्थी गाव सोडतात आणि पालकांच्या वाट्याला निकाल येतो. म्हणून तिला भरीस घालण्याआधी मला काही गोष्टी नक्की करायच्या आहेत. आकृतीच्या प्रश्नाऐवजी वर्णनात्मक पर्यायी प्रश्न मिळावा यासाठी अर्ज शाळेमार्फत कोणत्या टप्प्यावर करावा लागतो? प्रात्यक्षिकाच्या वेळी मदतनीस मिळतो का? लेखनिक विज्ञान न शिकलेला असेल, तर सूत्रे आणि संज्ञा त्याला सांगण्याचा सराव मुलांकडून कसा करून घेता? आणि ज्यांनी हा मार्ग स्वतः पार केला आहे अशा एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने तिच्या वडिलांशी फोनवर बोलण्याची तयारी दाखवली, तर माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

जाता जाता एक विनंती. ‘एक दिवस अंधशाळेत’ अशा स्वरूपाची भेट, खाऊवाटप किंवा छायाचित्रांचा कार्यक्रम सुचवू नये; त्यांची शाळेला कमतरता नाही. वर्षभर ठरलेल्या वारी येणारी, एकच धडा हाती घेऊन तो शेवटपर्यंत नेणारी माणसे मात्र हवी आहेत, आणि त्यांना टिकवून कसे ठेवावे यावरही अनुभवी मंडळींनी जरूर लिहावे. जूनमध्ये शाळा उघडताच नववीचे विषय ठरतील, तेव्हा निदान परीक्षेतील सवलतींबाबतचे उत्तर त्याआधी मिळाले तर आभारी राहीन.