लिनक्स कर्नल: डिस्कला दिलेली कमांड राहते कुठे आणि तिच्यावर ताबा कोणाचा असतो?

प्रश्नकर्ता: शोधयात्री

नमस्कार मंडळी,

आमच्या कार्यालयातील एका सर्व्हरला एसएएस कंट्रोलरमार्फत (डिस्क जोडणाऱ्या हार्डवेअरमार्फत) काही सेटा डिस्क जोडलेल्या आहेत आणि त्यांवर एमडी रेड (अनेक डिस्क मिळून एकच साठा बनवणारी लिनक्सची सोय) चालते. त्यांपैकी २ टीबीच्या एका डिस्कवर वाचनदोष आला, तेव्हा कर्नलच्या नोंदींत पुढील ओळी उमटल्या.

[एसडीएफ] टॅग#४१७ फेल्ड रिझल्ट: होस्टबाइट=डीआयडी_ओके ड्रायव्हरबाइट=ड्रायव्हर_ओके सीएमडी_एज=७एस
[एसडीएफ] टॅग#४१७ सेन्स की: मीडियम एरर
[एसडीएफ] टॅग#४१७ ॲड. सेन्स: अनरिकव्हर्ड रीड एरर
[एसडीएफ] टॅग#४१७ सीडीबी: रीड(१०) २८ ०० ०० १२ ३४ ५६ ०० ०० ०८ ००

डिस्क बदलली जाईलच, त्यामुळे माझा प्रश्न तिच्याविषयी नाही. या निमित्ताने मी कर्नलचा कोड वाचायला घेतला आणि काही गोष्टी अडल्या. एकाच वाचनासाठी बायो, रिक्वेस्ट आणि स्कझी कमांड अशा तीन वेगळ्या रचना का लागतात? प्रत्येक वाचनाला तिन्ही नव्याने तयार होतात का? या डिस्कची क्यू डेप्थ, म्हणजे तिच्याकडे एका वेळी असू शकणाऱ्या कमांडची संख्या, ३२ दिसत असताना टॅगचा आकडा ४१७ कसा? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डिस्कने ठरलेल्या वेळेत उत्तर दिलेच नाही, कर्नलने कमांड सोडून दिली आणि नंतर डिस्कला जाग आली, तर ती आपला डेटा एव्हाना दुसऱ्याच कोणाला दिलेल्या मेमरीत ओतणार नाही का?

ब्लॉकस्तर यांचे उत्तर

तिन्ही रचना एकाच कामाच्या तीन प्रती वाटल्या, तरी प्रत्येकीकडे असलेली माहिती निराळी आहे. कोणत्या उपकरणाच्या कोणत्या सेक्टरपासून किती बाइट हवे आहेत, ते मेमरीतील कोणत्या पानांत पोहोचवायचे आहेत आणि काम झाल्यावर कोणते फंक्शन बोलवायचे आहे, एवढे बायोला ठाऊक असते. खाली स्कझी आहे की एनव्हीएमई (डिस्कशी बोलण्याचे हे दोन प्रोटोकॉल), याचा त्याला पत्ता नसतो आणि म्हणूनच तुमच्या एमडी रेडसारखे मधले थर बायोवर निर्धास्तपणे काम करू शकतात. ते बायोचे तुकडे करतात, त्याच्या प्रती काढतात, सेक्टरचा आकडा बदलतात आणि तो खालच्या डिस्ककडे सरकवतात. बायोतील सेक्टर कायम ५१२ बाइटचाच धरला जातो. डिस्कचा ब्लॉक ४०९६ बाइटचा असला, तरी त्याचे रूपांतर खालच्या ड्रायव्हरने करायचे असते.

रिक्वेस्ट वापरात येते ती अगदी तळाशी, जिथे खऱ्या उपकरणाची रांग सुरू होते तिथे. लागून असलेल्या सेक्टरांचे अनेक बायो एकाच रिक्वेस्टमध्ये साखळीने जोडले जातात, आणि उलट एखादा बायो उपकरणाला झेपणार नाही इतका मोठा असेल, तर तो त्याआधीच कापला जातो. ती मर्यादा तुम्हाला सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या निर्देशिकेत) त्या डिस्कच्या क्यू निर्देशिकेतील मॅक्स_सेक्टर्स_केबी या फाइलीत पाहता येईल. थोडक्यात, वरून येणारे बायो आणि खाली जाणाऱ्या कमांड यांची संख्या जुळावी असा कोणताही नियम नाही, म्हणूनच या दोन रचना एक करता येत नाहीत.

स्कझी कमांड ही मात्र त्या विशिष्ट प्रोटोकॉलची भाषा. डिस्कला पाठवायचे सीडीबीचे, म्हणजे प्रत्यक्ष कमांडचे, बाइट, डेटाच्या तुकड्यांची यादी, किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा याचा हिशेब, निकाल, आणि डिस्कने दोषाचे कारण सांगितले तर ते ठेवण्यासाठी ९६ बाइटची सेन्सची जागा, असा तिचा ऐवज असतो. ती रिक्वेस्टपासून दूर कुठेतरी नसते. ड्रायव्हर सुरुवातीलाच सांगतो की प्रत्येक रिक्वेस्टमागे मला अमुक इतके बाइट हवेत, आणि कर्नल तेवढी जागा रिक्वेस्टला लागूनच राखतो, त्यामुळे एकीच्या पत्त्यावरून दुसरीचा पत्ता साध्या बेरीज-वजाबाकीने मिळतो. एनव्हीएमईचा ड्रायव्हरही याच जागेत आपले सामान ठेवतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. रिक्वेस्ट आणि तिच्यासोबतची कमांड वाचनाच्या वेळी तयार होत नाहीत. कंट्रोलर ओळखला जातो तेव्हाच ठरावीक संख्येने त्या तयार करून ठेवल्या जातात. याचे कारण सांगताना बहुतेक लेख वेगावर भर देतात, पण मला मेमरीचा मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. मेमरी संपत आली की कर्नलला बदललेली पाने डिस्कवर लिहून मोकळी करावी लागतात, आणि ते लिहिण्यासाठीच जर नवी मेमरी मागावी लागली, तर मेमरी मिळेपर्यंत लेखन नाही आणि लेखन होईपर्यंत मेमरी नाही, असा कायमचा पेच पडतो. बायोसाठीही याच कारणाने राखीव साठा ठेवलेला असतो. साठा संपला तर मागणारा थांबतो, पण आधीचे काम पुरे होताच त्याला जागा मिळेल याची खात्री असते.

ही सारी मांडणी बीएलके-एमक्यू या नावाने जानेवारी २०१४ मध्ये कर्नल ३.१३ सोबत आली. त्याआधी प्रत्येक उपकरणाची एकच रांग आणि तिच्यावर एकच कुलूप असे, ते वेगवान एसएसडी आणि अनेक कोअर यांपुढे तोकडे पडू लागले होते. जुना मार्ग मार्च २०१९ मधील ५.० मध्ये पूर्णपणे काढून टाकला गेला, तेव्हा त्याआधीचे लेख वाचताना सावध राहावे.

आकडेमोड यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, म्हणून फक्त टॅगविषयी आणि तुमच्या नोंदीविषयी लिहितो.

टॅग हा आधीच तयार असलेल्या त्या रिक्वेस्टांच्या ओळीतील क्रमांक असतो. रिकामे क्रमांक कोणते, हे एका बिटमॅपमध्ये (प्रत्येक क्रमांकामागे एक बिट) राखले जाते. बिट मिळाला की रिक्वेस्ट मिळाली, आणि एकही बिट रिकामा नसेल तर मागणाऱ्याला थांबावे लागते. म्हणजे उत्तर आल्यावर ते कोणत्या कमांडचे आहे हे शोधण्याचे साधन आणि उपकरणावर किती भार टाकायचा याची मर्यादा, ही दोन्ही कामे एकाच आकड्याकडून करून घेतली आहेत. मला हा या रचनेतील सर्वांत नेटका भाग वाटतो.

स्कझीमध्ये मात्र हा संच डिस्कगणिक नसून कंट्रोलरगणिक असतो. तुमच्या एसएएस कंट्रोलरला एका वेळी शेकडो किंवा हजारो कमांड पेलतात आणि त्याच्या सर्व डिस्क त्याच संचातून टॅग घेतात, म्हणून ४१७ हा आकडा दिसला. एका डिस्ककडे ३२ पेक्षा जास्त कमांड जाऊ नयेत, ही मर्यादा वेगळ्या हिशेबाने सांभाळली जाते: रिक्वेस्ट ड्रायव्हरकडे देण्याआधी त्या डिस्कच्या नावे एक परवाना घ्यावा लागतो. शिवाय एकाच डिस्कने सगळे टॅग बळकावू नयेत, म्हणून सक्रिय रांगांमध्ये ते साधारण समान वाटले जातात. टॅग मोकळा होताच दुसऱ्या कमांडला मिळतो, त्यामुळे काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा टॅग ४१७ दिसला, तर त्या दोन नोंदींचा परस्परांशी संबंध लावू नका.

सीडीबीचे १० बाइट असे वाचावेत. पहिला २८ हा षोडशमान पद्धतीत रीड(१०) चा संकेत आहे. त्यानंतरचा एक बाइट पर्यायांचा, आणि पुढचे चार, म्हणजे ०० १२ ३४ ५६, हा ब्लॉकचा पत्ता; दशमान पद्धतीत तो ११,९३,०४६ होतो. मग एक बाइट सोडून ०० ०८ ही लांबी, म्हणजे ८ ब्लॉक. तुमच्या डिस्कचा ब्लॉक ५१२ बाइटचा असेल, तर हे ४०९६ बाइट, म्हणजे मेमरीचे नेमके एक पान झाले. पत्त्याला चारच बाइट असल्यामुळे ५१२ बाइटच्या ब्लॉकने रीड(१०) सुमारे २.२ टीबीपर्यंतच पोहोचते. त्याहून मोठ्या डिस्कसाठी कर्नल आपणहून रीड(१६) वापरतो, आणि त्यात पत्त्याला ८ बाइट मिळतात.

होस्टबाइट ठीक आहे याचा अर्थ केबल आणि कंट्रोलर यांनी काम चोख केले. नकार डिस्कनेच दिला. अशा दोषावर स्कझी स्तर पुन्हा प्रयत्नही करत नाही, कारण डिस्कने आपल्या परीने सारे करून पाहिलेले असते. आणि सीएमडी_एज पाहा. कमांडचे वय ७ सेकंद आहे, म्हणजे कर्नलची ३० सेकंदांची मुदत संपण्याच्या बरेच आधी डिस्कने स्वतः हार मानली. हा आकडा बहुधा योगायोगाचा नाही, पण त्यावर इथे कोणी अधिक अनुभवी व्यक्तीने लिहावे.

शोधयात्री

दोघांचेही आभार. डिस्कचा ब्लॉक ५१२ बाइटचाच आहे. उशिरा आलेल्या उत्तराचा प्रश्न मात्र अजून बाकी आहे.

जुना_सिसॲडमिन यांचे उत्तर

मुदत संपली म्हणजे कमांड संपली, असे कर्नल मानत नाही. तुमच्या शंकेचे उत्तर याच भेदात आहे. ड्रायव्हरने कमांड कंट्रोलरकडे सोपवली की त्या पानांचे पत्ते हार्डवेअरच्या हाती गेलेले असतात, आणि हार्डवेअरने ते सोडल्याची खात्री होईपर्यंत ना पाने परत घेता येतात ना टॅग. मुदत संपते तेव्हा फक्त ही खात्री करून घेण्याची प्रक्रिया सुरू होते.

मुदत रिक्वेस्टमध्येच लिहिलेली असते, पण प्रत्येक रिक्वेस्टला स्वतंत्र घड्याळ नसते. रांगेचे एकच घड्याळ ठरावीक वेळी चालू कमांडवर नजर फिरवते आणि उशीर झालेल्या बाजूला काढते. नेमक्या त्याच क्षणी डिस्कचे उत्तर आले तर काय, यासाठी स्कझी कमांडमध्ये एक बिट आहे. उत्तर हाताळणारा कोड आणि मुदत हाताळणारा कोड दोघेही तो अविभाज्य क्रियेने लावू पाहतात. ज्याला तो आधीच लागलेला आढळतो, तो मुकाट्याने मागे फिरतो. त्यामुळे एका कमांडचा निकाल दोनदा लागत नाही.

मुदत हाताळणाऱ्याची सरशी झाली, तर आधी ती एकच कमांड रद्द करण्याची विनंती जाते. ड्रायव्हरने ‘रद्द झाली’ असे उत्तर देणे हा करार असतो: यापुढे हार्डवेअर या कमांडला स्पर्श करणार नाही, अशी ती हमी असते, आणि ती मिळाल्यावरच कमांड पुन्हा पाठवली जाते किंवा दोष म्हणून वर कळवली जाते. हमी मिळाली नाही, तर कंट्रोलरचा दोष-निवारण थ्रेड जागा होतो, नव्या कमांड थांबवतो, चालू असलेल्या सर्व कमांड पुऱ्या होण्याची किंवा मुदतबाह्य होण्याची वाट पाहतो, आणि मग डिस्क, टार्गेट, बस आणि शेवटी संपूर्ण कंट्रोलर अशा चढत्या क्रमाने रिसेट करत जातो. रिसेट झालेल्या कंट्रोलरला जुन्या कमांड आठवतच नाहीत, म्हणून त्यानंतर पाने परत घेणे सुरक्षित ठरते. त्यानेही काही साधले नाही तर डिस्क ऑफलाइन जाते. एका अडेलतट्टू डिस्कमुळे त्याच कंट्रोलरवरच्या धडधाकट डिस्कही काही काळ ठप्प का होतात, हे यावरून लक्षात येईल.

एनव्हीएमईमध्ये आधी उत्तराची रांग स्वतः तपासली जाते, कारण कधी कधी उत्तर आलेले असते आणि फक्त इंटरप्ट (उत्तर तयार असल्याचा हार्डवेअरचा इशारा) हरवलेला असतो. नाहीतर प्रथम रद्द करण्याची कमांड, आणि पुन्हा मुदत संपली की कंट्रोलर रिसेट. तिथे कमांडचा ओळखक्रमांक १६ बिटांचा असतो. २०२१ पासून लिनक्स त्यातील खालच्या १२ बिटांत टॅग आणि वरच्या ४ बिटांत प्रत्येक वापरागणिक बदलणारा एक छोटा गणक ठेवतो, म्हणजे कंट्रोलरने चुकून जुने उत्तर दुसऱ्यांदा दिले तर गणक जुळत नाही आणि ते उत्तर टाकून दिले जाते. हे हिशेबाचे रक्षण आहे. पानांत चुकीचे लेखन झालेच असेल, तर हा गणक ते परत फिरवू शकत नाही.

आता त्या ७ सेकंदांबद्दल. रेडसाठी बनवलेल्या डिस्क खराब सेक्टरवर साधारण इतकाच वेळ झगडतात आणि मग स्पष्ट दोष कळवतात. तेवढ्यात एमडी उरलेल्या डिस्कवरून तो डेटा काढते आणि खराब जागी पुन्हा लिहिते. घरगुती वापराच्या काही डिस्क मात्र ३० सेकंदांहून बराच अधिक वेळ झगडत राहतात, कर्नल त्यांना रिसेट करू पाहतो, आणि एका खराब सेक्टरपायी अख्खी डिस्क रेडबाहेर फेकली जाते. नवी डिस्क घ्याल तेव्हा स्मार्टसीटीएल या आज्ञेच्या एससीटीईआरसी पर्यायाने तिची झगडण्याची वेळमर्यादा पाहा. ती बदलता येत असेल तर वाचन आणि लेखन दोन्हींसाठी ७० ठेवा, कारण तिथे एकक सेकंदाचा दहावा भाग आहे. डिस्क ही सोय देतच नसेल, तर सिसएफएसमधील त्या डिस्कच्या टाइमआउट फाइलीत १८० लिहा. टाइमआउट फाइलीतील आकडा रीबूटनंतर पुन्हा ३० होतो आणि बऱ्याच डिस्क वीज गेल्यावर आपली मर्यादाही विसरतात, म्हणून दोन्ही गोष्टी यूडेव्हच्या (उपकरण दिसताच ठरलेली कामे करणाऱ्या सेवेच्या) नियमात घालून ठेवा.