खाणीच्या सीलला ६४० पीएसआय कशाला?

कोळसाखोर:
२ जानेवारी २००६. वेस्ट व्हर्जिनियातली सॅगो खाण. बंद केलेल्या भागात मिथेन पेटला, तो भाग बंद करणाऱ्या भिंती, म्हणजे सील, उडाल्या, १२ कामगार गेले. तेव्हा सीलने २० पीएसआय (चौरस इंचाला २० पौंड) दाब सोसला की झालं, असा नियम होता. पुढच्या वर्षी निऑश या अमेरिकेच्या सरकारी कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेच्या संशोधकांनी लांबलचक, देखरेख नसलेल्या भागांसाठी थेट ६४० सुचवलं. २००८ च्या नियमाने १२० वर भागवलं, डेटोनेशनची, म्हणजे ज्योत धक्कालहरीसकट ध्वनीहून वेगाने पळण्याची, शक्यता असेल तिथे त्याहून जास्त. माझ्या मते १२० पुरे. मिथेनची ज्योत सेकंदाला जेमतेम ४० सेंमी सरकते.

शेल्किनची स्प्रिंग:
४० सेंमी शांत गॅसात! खाणीत लाकडी टेकू असतात, कोसळलेलं छत असतं. ज्योत पुढचा गॅस ढकलते, तो अडथळ्यांमागे घुसळतो, त्यात ज्योत चुरगळते, जळणारा पृष्ठभाग वाढतो, की ढकलणं आणखी जोरात. पुढे धक्कालहरी उठतात, कुठेतरी आपटून परततात, तिथला तापलेला गॅस एकदम फुटतो. मग वेग सेकंदाला १८०० मीटर. सोव्हिएत संशोधक शेल्किनने नळीत तारेचं वेटोळं घालून १९४० च्या सुमारास हाच प्रकार अभ्यासला.

बिनपगारी इंजिनिअर:
अडथळा आला की डेटोनेशन, असं सरसकट नाही हो. वाट फार अरुंद असेल तर ज्योत जळालेल्या गॅसातल्या ध्वनिवेगाशी अडकून बसते. ढोबळ नियम असा की मोकळी वाट निदान डेटोनेशनच्या एका पेशीएवढी (त्या लाटेच्या जाळीदार नक्षीतल्या एका घराएवढी) हवी. हायड्रोजन-हवेत ती पेशी सेंटीमीटरभर, मिथेन-हवेत साधारण ३० सेंमी. हायड्रोजनचे आलेख मिथेनला चिकटवू नका.

शेल्किनची स्प्रिंग:
बरं, तुमचाच नियम लावू. खाणीचा बोगदा पाच-सहा मीटर रुंद. ३० सेंमीचं काय घेऊन बसलात? अमेरिकेत १.०५ मीटर व्यासाच्या, ७३ मीटर लांब नळीत अडथळे लावून नैसर्गिक वायूचं डेटोनेशन करून झालंय.

कोळसाखोर:
नळीत गॅस नीट मिसळून भरतात. बंद भागात मिथेन छताशी थर धरतो, सगळीकडे सारखा नसतो. शिवाय ६४० हा लाट भिंतीवर आपटून परततानाचा दाब, क्षणभराचा. तेवढ्यासाठी भिंती बांधायच्या तर काँक्रीटच्या बिलातच खाण बुडेल.

बिनपगारी इंजिनिअर:
त्याच नियमात आतला गॅस तपासत राहून तो निष्क्रिय ठेवला तर ५० चालतं. मला हे जास्त पटतं. आत नायट्रोजन सोडा, मिश्रण ५ ते १५ टक्क्यांच्या पट्ट्यात येऊच देऊ नका.

शेल्किनची स्प्रिंग:
आणि तपासणार कुठून? सीलमधून आत घातलेल्या नळीनेच ना? पार मागच्या टोकाला काय साचलंय, हे सीलजवळचा नमुना कसं सांगणार?